आर्लिसचा पहिला रॉड

एलवुड कुबिशाकच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात आर्लिस लिंडो गेली चाळीस वर्षं येत होती, पण ती फक्त नवऱ्याला बाहेर काढायला. नॉर्ब एकदा तिथं शिरला की जेवणाची वेळ टळून गेली तरी हलायचा नाही. मग ही दारातूनच ओरडायची, "येतोयस, की तुझं अंथरूण इथंच पाठवून देऊ?" आतले सगळे खो खो हसायचे आणि नॉर्ब टोपी चाचपत बाहेर यायचा.

त्या बुधवारी ती एकटीच आली. तरातरा चालत आमिषांच्या भिंतीपुढे जाऊन उभी राहिली आणि तिथंच तिचं सगळं अवसान गळालं. जमिनीपासून छतापर्यंत खोटे मासे टांगलेले. लाकडी, रबरी, पितळी पात्यांचे, केसाळ शेपट्यांचे. काही तर चांगले खारीएवढे, आणि प्रत्येकाच्या पोटाला तीन-तीन तोंडांचे गळ. कुठून सुरुवात करायची माणसानं?

"वाट चुकलीस का गं?" गल्ल्यामागून कुबिशाक म्हणाला. "दूध त्या बाजूला आहे."

"दूध नकोय मला. मस्की मासा धरायचाय."

कुबिशाकनं चष्मा कपाळावर चढवला. सत्तरीचा गडी, पोट सुटलेलं, तोंड त्याहून सुटलेलं. दोघं शाळेत एका वर्गात होती, त्यामुळे भीडभाड कसली ती नव्हतीच.

"तुला?"

"मला. का, बायकांना विकत नाहीस?"

"विकतो की! अख्खं दुकान विकतो. पण बाई, तू मेलेला मासासुद्धा हातात धरत नाहीस. इतकी वर्षं मासे साफ कोण करत होतं तुमच्याकडे?"

"नॉर्ब," ती म्हणाली.

एप्रिलमध्ये, सरोवरावरचा बर्फ नुकता फुटला होता तेव्हा, नॉर्बला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पाय सावरले, बोलणंही बरंचसं परत आलं. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. ज्या हातानं चाळीस वर्षं गळ फेकला तो आता मांडीवर पडून असायचा. जूनमध्ये एका दुपारी नॉर्बनं पुतण्याला बोलावून आपले सगळे रॉड, आमिषांच्या सगळ्या पेट्या देऊन टाकल्या. त्या दिवसापासून तो खिडकीशी बसायचा, आणि तीसुद्धा रस्त्याकडची खिडकी, सरोवराकडची नव्हे. बोलायला शब्द होते, पण बोलायचा नाही. मीठ दे, बास झालं, झोपतो. संपलं.

"रविवारी इलिनॉयचा माणूस येतोय होडी न्यायला," आर्लिस म्हणाली. "नॉर्बनं स्वतः फोन करून विकली. मला विचारलंसुद्धा नाही. होडी गेली ना एलवुड, की नॉर्ब गेला. नुसता बसून राहील मरेपर्यंत. रविवारच्या आत मला त्याला एकदा पाण्यावर न्यायचंय. तो फेकणार नाही, त्याला जमायचं नाही. मग मी फेकीन. पण कशानं फेकायचं, हेच मला कळत नाही."

कुबिशाकनं घड्याळ पाहिलं. सकाळचे दहा वाजले होते. तो उठला, दारावरची पाटी उलटवून 'जेवायला गेलोय' ही बाजू बाहेर केली आणि कडी घातली.

"ते आधी खाली ठेव," तो म्हणाला. तिनं खारीएवढं एक चकचकीत आमिष उचललं होतं. "ते फेकशील तर तासाभरात खांदा निखळेल. इलिनॉयहून येणारे हौशी लोक घेतात ते, फोटो काढायला."

मग त्यानं तिला भलतीकडेच नेलं, मागच्या कोपऱ्यात. आधी एक जाळी काढली, इतकी मोठी की तिच्यात आर्लिस बसली असती. मग हातभर लांब नाकाची पक्कड. मग गळाची तार कापायची जाड कातर.

"अरे पण रॉड?"

"आधी सोडायचं सामान, मग धरायचं. मस्की धरून मारायचा नसतो, हे तुला ठाऊक आहे. धरता येतो गं कुणालाही नशिबानं, पण धड सोडता आला नाही तर तू काठावर बसून रडशील, आणि नॉर्ब तुझं तोंड बघणार नाही. हे सामान नसेल तर मी तुला रॉड विकत नाही."

एवढा थट्टेखोर माणूस, पण हे शपथेवर सांगावं तसं बोलला. पुढं मग रॉड आला. नॉर्बचे साडेआठ फुटी असायचे. त्यानं हिला साडेसात फुटी दिला. "तुझी उंची बघ. लांब रॉड चांगलाच, पण पहिल्याच दिवशी होडीतल्या माणसाचा कान फाडायचा नसेल तर हाच घे." रीळ दिलं ते मजबूत पण हलकं. त्यावर विणलेला जाड दोरा.

"एवढा जाड? माशाला दिसणार नाही?"

"त्याला दिसलं तरी तो भीत नाही. तो कुणाला भीत नाही. आणि हे बघ," त्यानं वीतभर पोलादी तार तिच्या तळहातावर ठेवली, "दोरा आणि आमिष यांच्यामध्ये ही हवीच. पाईक मासा असो की त्याचा थोरला भाऊ मस्की असो, तोंडात नुसते दात. तारेशिवाय दोरा असा कापतो की तुला झटकासुद्धा जाणवणार नाही. दरवर्षी कुणीतरी शहाणा तार न लावता जातो आणि मग मला येऊन सांगतो की दोरा खराब होता."

आमिषं मात्र त्यानं तीनच दिली. दोन फिरत्या पात्यांची, केसाळ शेपटीची, एक काळं आणि एक तांबूस. "फेकायचं आणि गुंडाळायचं, एवढंच. यात डोकं लागत नाही." तिसरं पाण्यावर बुडबुड करत येणारं. आर्लिसचं मन एका हिरव्या रंगावर गेलं होतं. "नाही," म्हणाला. "रंगाला माणसं गळाला लागतात, मासे नाही."

मग तो तिला मागच्या मोकळ्या जागेत घेऊन गेला, तारेला गळ नसलेलं शिशाचं वजन बांधलं आणि वीस पावलांवर ट्रकचं जुनं टायर ठेवलं. "टाक त्यात. अंगठा रिळावर. अंगठा काढलास की गुंता, आणि दाबून धरलास की वजन पायाशी."

पहिल्या फेकीत गुंता झाला. दुसऱ्यातही. तिसऱ्यात वजन थेट कुबिशाकच्या छपरावर गेलं. गुंता म्हणजे साधा गुंता नव्हे. रिळात घरटं बांधल्यासारखं झालं होतं. नखानं एकेक धागा सोडवता सोडवता आर्लिसच्या नाकी नऊ आले. "जाऊ दे रे," ती म्हणाली, "हे आपलं काम नाही."

"तू शाळेची बस चालवतेस ना बर्फातून?"

"तीस वर्षं."

"पन्नास पोरं मागे ओरडत असताना? मग या टायरची काय बिशाद आहे! फेक."

समोरच्या दाराशी दोनदा कुणीतरी कडी वाजवली. "बंद आहे!" कुबिशाक मागूनच ओरडला. "दिसत नाही का, जेवतोय!" साडेबारा वाजले तेव्हा दहातल्या सात फेकी टायरमध्ये पडत होत्या आणि आर्लिसचा अंगठा लाल झाला होता. त्यानं सामान स्वतः तिच्या गाडीत भरलं. तिला काहीतरी बोलायचं होतं. पण त्या भागात माणसं आभार मानताना अवघडतात. ती म्हणाली, "बरंय मग," आणि तो म्हणाला, "बरंय."

शनिवारी सकाळी नॉर्ब खिडकीशी बसला होता. आर्लिस कॉफी घेऊन त्याच्या पुढ्यात उभी राहिली.

"होडीची मोटर एप्रिलपासून चालू केलेली नाही."

"हं."

"तो माणूस पाच तास गाडी चालवून येणार. नेऊन बघितलं आणि चाललीच नाही तर? आपण त्याला फसवल्यासारखं होईल."

हे तिनं नीट विचार करून काढलं होतं. नॉर्ब लिंडो कसाही असो, न तपासलेली मोटर कुणाच्या गळ्यात मारणारा माणूस नव्हता. त्यानं तिच्या हातातला कप घेऊन खिडकीत ठेवला आणि म्हणाला, "टोपी कुठाय?"

धक्क्यावर तिनं होडी लादलेली जोडगाडी एका दमात मागे घेऊन पाण्यात नेली, होडी सुटी केली. बस चालवणाऱ्या बाईला हे म्हणजे डाव्या हातचा मळ. नॉर्बला हात धरून आत बसवताना मात्र तिचा जीव मुठीत होता. तो पुढच्या बाकावर बसला, तिच्याकडे पाठ करून. मोटर दुसऱ्या ओढीला सुरू झाली.

"चालतेय," नॉर्ब म्हणाला. "चल परत."

"जरा तापू दे तिला."

ती होडी पार पलीकडे, लव्हाळ्याच्या बेटापाशी घेऊन गेली. झाडांची पानं पिवळी पडायला लागली होती, वारा बेताचा होता. मोटर बंद करून तिनं ताडपत्रीखालून रॉड काढला.

"ते काय?"

"रॉड."

"कुणाचा?"

"माझा."

नॉर्बनं वळून तिच्याकडे पाहिलं, रॉडकडे पाहिलं आणि पुन्हा तोंड फिरवलं. आर्लिसनं फेकलं. पहिल्याच फेकीला घरटं झालं. तिनं मुकाट्यानं सोडवलं. पुन्हा फेकलं, पुन्हा गुंडाळलं. तास झाला. काळं आमिष जात होतं, येत होतं, पाण्यातून टपकत वर येत होतं, परत जात होतं. नॉर्बची पाठ काही वळेना. तिला वाटलं, काय मूर्खपणा मांडलाय आपण! हा माणूस इथं बसून मनातल्या मनात जळत असेल आणि आपण त्याच्या जखमेवर मीठ चोळतोय. आता दहा वेळा फेकायचं आणि परत जायचं, असं तिनं ठरवलं. डोळे भरून आले होते, त्यामुळे पुढचं नीट दिसतही नव्हतं.

सातव्या वेळी तिनं आमिष होडीपाशी आणलं आणि उचललं.

"आठ!"

ती इतकी दचकली की रॉड सुटता सुटता राहिला. नॉर्ब उभा होता. होडी हेलकावे खात होती आणि हा बाबा गुडघे कडेला टेकवून डाव्या हातानं पाण्यात बोट दाखवत होता. तिथं, तिनं आमिष उचललं त्या जागी, पाण्याखाली एक लांबलचक हिरवट काहीतरी क्षणभर थांबलं आणि हळूच, अगदी सावकाश, खाली बुडालं.

"आठ कुठाय? आठ का नाही काढलास?" तो ओरडत होता. शब्द अडखळत होते, पण येत होते, एकावर एक. "आमिषामागून आला होता तो! तुझ्या नाकासमोर! आणि तू... तू खुशाल उचललंस!"

"कसला आठ?"

"कसला आठ म्हणजे?" त्यानं कपाळावर हात मारला, डावा. "आर्लिस, मस्की मागं मागं येतो. होडीपर्यंत येतो आणि बघत राहतो. म्हणून आमिष कधी उचलायचं नाही. रॉडचं टोक पाण्यात खुपसायचं आणि आठाचा आकडा काढायचा, एकाला एक जोडलेली दोन वेटोळी, मोठी, गोल. वळणावर आमिष घेतो तो. निम्मे मासे तिथं लागतात! कुबिशाकनं सांगितलं नाही तुला?"

"नाही."

"तार सांगितली, पक्कड सांगितली, आणि आठ नाही सांगितला? म्हातारा झाला, दुसरं काय! डोकं गेलं त्याचं! परत फेक. नाही, नको. थांब. बस खाली."

तो तिच्या बाकावर येऊन बसला. एप्रिलपासून तो आपणहून तिच्याशेजारी बसला नव्हता. दिसलेल्या माशाला लगेच छळायचं नसतं, त्यानं तिला समजावलं. तो घरी गेलाय, पाऊण तास जाऊ द्यायचा. मग हॅमची सँडविचं खाल्ली, लोणच्यातली काकडी खाल्ली, आणि नॉर्ब बोलत होता. कुठल्या साली याच बेटापाशी काय आलं होतं, वारा पश्चिमेचा असला की मासा कुठल्या बाजूला बसतो, आठ काढताना वळण अरुंद झालं तर एवढं मोठं धूड वळू शकत नाही. आर्लिसनं हूं म्हणण्यापलीकडे काही केलं नाही. तिला भीती होती, आपण बोललो तर हा थांबेल.

पाऊण तासानं होडी नॉर्बनं चालवली. मोटरचा दांडा डावा हातही धरू शकतो, हे त्या दोघांनाही तोवर सुचलं नव्हतं.

"त्या ओंडक्याच्या पलीकडे टाक. अंगठा!"

तिनं टाकलं. आमिष येत राहिलं, येत राहिलं. होडीपाशी आलं तसा नॉर्ब तिच्या मागून वाकला, डाव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि रॉडचं टोक खाली पाण्यात दाबलं. "उचलू नकोस. फिरव. मोठं. अजून मोठं." पहिला आठ. काही नाही. दुसरा. "आहे," तो तिच्या कानाशी कुजबुजला, "खाली आहे, बघू नकोस, फिरव." तिसऱ्या आठाच्या वळणावर पाणी फुटलं.

पुढचं काय आणि किती वेळ झालं ते आर्लिसला आजही सांगता येत नाही. ती किंचाळत होती एवढं खरं. नॉर्बही ओरडत होता. त्यानं जाळीचा दांडा बगलेत धरला, कोपरानं दाबला आणि कसाबसा, अर्धा होडीबाहेर लोंबत, मासा जाळीत घेतला. चाळीस इंचांच्या वरच होता. जाळी पाण्यातच ठेवून तिनं लांब नाकाची पक्कड चालवली, तो सांगेल तशी, आणि गळ सुटला. मग नॉर्बनं डाव्या हातानं शेपटीजवळ माशाला धरलं आणि पाण्यात सरळ धरून ठेवलं. कल्ले हलत होते. घाई कुणालाच नव्हती. एकदा शेपटी जोरात हलली आणि हात रिकामा झाला.

नॉर्ब तसाच ओल्या हाताकडे बघत राहिला. मग तो रडला. तीही रडली. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झालेली माणसं, भर दुपारी सरोवरात बसून पोरांसारखी रडली.

रविवारी इलिनॉयचा माणूस आला. नॉर्बनं त्याला कॉफी पाजली, पाच तासांच्या खेपेबद्दल दहा वेळा माफी मागितली, आणि होडी दिली नाही.

सोमवारी मात्र नॉर्ब पेटलाच होता. "चल. त्या कुबिशाकला जाब विचारतो. माझ्या बायकोला सामान विकतो आणि आठ शिकवत नाही? येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पकवतो तो त्या आठानं!"

एप्रिलनंतर पहिल्यांदाच तो त्या दारातून आत शिरला. आर्लिस मागोमाग होती. नॉर्बनं जाब विचारायला तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

कुबिशाक दुकानाच्या मध्यावर उभा होता. समोर एक तरुण जोडपं, नवीन जॅकेटं, नवीन टोप्या, पहिल्यांदाच मस्कीला निघालेलं. कुबिशाकच्या हातात झाडू होता आणि तो त्याच्या दांड्यानं फरशीवर मोठमोठे आठ काढत होता. "बाकी सगळं विसरलात तरी चालेल," तो म्हणत होता, "तार विसरा, पक्कड विसरा, एकमेकांची नावं विसरा. पण हे न शिकवता मी आजवर एकालाही या दुकानातून सोडलेलं नाही, आणि सोडणार..."

तेवढ्यात त्याला दारातली दोघं दिसली. तो थांबला. त्याचा चेहरा चोरी पकडलेल्या पोरासारखा झाला.

नॉर्बनं एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा कुबिशाककडे. मग पुढं जाऊन डाव्या हातानं त्याच्याकडून झाडू काढून घेतला.

"वळण अरुंद आहे तुझं," तो म्हणाला. "असं शिकवशील तर पोरांना शेवाळ लागेल, मस्की नाही. इकडे बघा रे."

आणि तो शिकवायला लागला. कुबिशाक बाजूला सरकून गल्ल्यामागे आला, आणि उगाचच कसल्या तरी डब्या सरळ करू लागला. आर्लिस त्याच्यापाशी गेली.

"तू विसरला नव्हतास," ती म्हणाली. "आठ त्याच्यासाठी राखून ठेवलास."

"कशाचं काय? वय झालंय माझं." त्यानं वर पाहिलं नाही. "तू जा, तुझ्या नवऱ्याला आवर. माझं गिऱ्हाईक पळवतोय."

त्या गावात कुणी कुणाला मिठी मारत नाही, कुणाच्या मयतीला मारली तर मारली. आर्लिस गल्ल्याला वळसा घालून आत गेली आणि तिनं एलवुड कुबिशाकला घट्ट मिठी मारली. "तुझे फार उपकार आहेत रे," ती म्हणाली, "फार उपकार आहेत," आणि तो बिचारा हातात डबी धरून अवघडून उभा राहिला, तिकडे नॉर्ब ओरडत होता, "मोठा! अजून मोठा काढ! त्याला वळायला जागा तर देशील?"